चौथा चौकोन

८ जून २००७, शुक्र.

मशीन एकदाचं उठलं. स्टोअरमधून भंगारात निघालेला डेस्कटॉप. त्याला मॉनिटर नाही. माझ्या टेबलाखाली, पायाशी बसवला आहे. त्यावर लिनक्स, अपाचे आणि मी लिहिलेलं एक पान. दुपारी आयटी प्रमुख नटराजन सरांच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. पान उघडलं. सहा चौकोन.

सर म्हणाले, "एवढंच?"

एवढंच.

हेड ऑफिसने सुचवलेली कंपनी हेच पान बाहेर, त्यांच्या मशीनवर ठेवून देणार होती. न. सर नको म्हणाले. आपल्या कारखान्यात काय कधी चालतं ते आपल्या घरात राहावं. म्हणून मला महिना मिळाला. मराठीत एम. ए. केलेल्या बाईला. सरांना याची अजून गंमत वाटते.

११ जून, सोम.

पहिला चौकोन: श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यातून सुट्या भागांच्या मागणीची फाइल येते. दुसरा: ती वाचली जाते. तिसरा: साठ्याशी ताडली जाते. चौथ्यात माणूस आहे. प्लॅनिंगचे सुंदरराव पाहतात आणि 'चालू' दाबतात. पाचवा लेबलं, सहावा गेटपास, की ट्रक सुटतो. दिवसातून तीनदा, आठ, अकरा आणि तीन वाजता. झालेलं हिरवं, अर्धवट किंवा थांबलेलं पिवळं, मोडलेलं लाल. अजून आलंच नाही ते पांढरं.

आजपर्यंत कुठे अडलं की आयटीचा फोन वाजायचा. "फाइल वंदाचा मा?" आली का, आली का. आज दुपारपर्यंत तीनदाच वाजला. त्यातला एक कँटीनचा.

१४ जून, गुरु.

सकाळी पान गेलं. तासभर नेटवर्क शोधलं. झाडणाऱ्या बाईंनी प्लग काढून तिथे पंखा लावला होता. त्यांचं बरोबर, उकडत होतं. सुंदररावांनी तमिळमध्ये चिठ्ठी लिहून दिली, ती प्लगवर चिकटवली. काय लिहिलंय विचारलं.

"आंत माणूस आहे, असें लिहिलें."

२० जून, बुध.

सुं.राव तंजावरकडचे. घरात मराठी, बाहेर तमिळ. त्यांची मराठी ऐकताना जुनं छापलेलं पुस्तक कोणी मोठ्याने वाचतंय असं वाटतं. मध्येच तमिळ हेल येतो. आम्ही 'टाक' म्हणतो तिथे ते 'सोड' म्हणतात. "कॉफी पिऊन सोडा, मेधाबाई."

माझ्या मराठीविषयी त्यांचं मत: "तुमची रेडियोची. बातम्या संपल्यावर बंद करावी वाटते."

इथे येऊन दीड वर्ष झालं. कामाच्या जागी मराठीत हसायला मिळतं ते यांच्यामुळेच. ऑफिसात सगळे त्यांना राव सार म्हणतात. मीही चारचौघांत तेच.

२९ जून, शुक्र.

न. सरांना पान आवडलं आहे. आता प्रत्येक चौकोनाखाली किती वेळ लागला ते हवं. दोन ओळींचं काम होतं, केलं. आठवड्याचा आलेखही काढता येतो. सर खूष. मीही.

७ जुलै, शनि.

एक दोष सापडला. चौथा चौकोन ठरावीक वारी अडतो. सोमवारी सकाळची फेरी, मंगळवारी तीनची, शुक्रवारी अकराची. तास-दीड तास पिवळा. बाकी वेळ सुरळीत. बॅकअप त्या वेळी नसतो. स्विच बदलून पाहिला. केबल बदलली. लॉगमध्ये काही नाही. इतकी नियमित चूक यंत्राचीच असणार.

आठवड्याची मेल पाठवली. आलेख जोडला. "चौथ्या पायरीवर वारंवार विलंब. कारण बहुधा नेटवर्क. शोध चालू." न. सर, प्लँट हेड मल्होत्रा, हेड ऑफिस.

१० जुलै, मंगळ.

ताप. घरी. तीनच्या पुढे डॉक्टरकडे जायला निघाले. घरमालकीण मामी जिन्यात उभ्या.

"आता कुठे? साडेचारनंतर जा. राहुकालम आहे."

म्हटलं, मामी, ताप आहे मला.

"मग? ताप काय पळून जातो?"

आत नेलं, खुर्चीत बसवलं, जिऱ्याचं गरम पाणी दिलं. समोर भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. खाली बारीक अक्षरात राहुकालम, ३ ते ४.३०. कालचं पान मामींनी टोपलीत टाकलं होतं. ते काढलं. सोमवार, ७.३० ते ९. उद्यापासूनची पानं उचलून पाहिली. शुक्रवार, १०.३० ते १२.

मामी म्हणाल्या, "काय शोधतेस?"

नेटवर्क, म्हटलं.

११ जुलै, बुध.

ऑफिसात सगळ्यांना राव सारांचा राहुकाळ माहीत होता. लेबलवाल्यांना, गेटवर, ट्रक ड्रायव्हरांना. ते त्या वेळात चहा पितात. मी केबल बदलत होते तेव्हा कोणी बोललं नाही. वाटलं असेल, मॅडम काहीतरी वेगळं करतायत.

न. सरांनी दार लावून घेतलं. "हे काय लिहिलंस मा? हे कोणी लिहितं का?"

मला ठाऊक नव्हतं, सर.

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं. आलेख कशाला?"

मल्होत्रांचं उत्तर आलं आहे. एक ओळ: कारण शुक्रवारपर्यंत कळवा. सर म्हणाले, लिही, 'डेटाची पडताळणी'. इथे वीस वर्षं काढलेला माणूस आहे, पडताळतो म्हटलं तर कोण नाही म्हणणार.

सुं.रावांना सांगायला गेले. मेलबद्दलही. ते ऐकून घेतात तेव्हा चष्मा काढतात.

"पडताळतों असें लिहूं नका. मी नुसता बसतों. तेवढें खरें तें लिहा."

का बसता?

"कशासाठी म्हणून नाहीं. पाय धुतल्याशिवाय घरांत येत नाहीं, तसें. चालू असलेलें काम मी थांबवत नाहीं. नवें सुरू करत नाहीं, इतकेंच."

१३ जुलै, शुक्र.

खरं लिहिलं. 'त्या वेळात काम सुरू न करण्याची प्लॅनिंगची पद्धत.' नाव लिहिलं नाही. नाव लिहायची गरजही नव्हती, चौथ्यात एकच माणूस आहे.

मल्होत्रा स्वतः आले. दिल्लीकडचा माणूस, हळू बोलतो. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाले, कोणाच्या श्रद्धेला माझी हरकत नाही. पण ट्रक उशिरा गेला की त्यांची लाइन थांबायला येते, आणि फोन मला येतो. चौथी पायरी आपोआप सुरू होऊ शकते का?

होऊ शकते, मी म्हणाले. खोटं कसं बोलणार. एक ओळ आहे.

"मग रावसाहेबांना गुम्मिडीपूंडीच्या गोदामात घेऊ. तिथे अनुभवी माणूस हवाच आहे."

गुम्मिडीपूंडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याही पलीकडे. सुं.राव सैदापेटला राहतात. कंपनीची बस त्यांना सहाच्या आत घरी सोडते. घरी सावित्रीबाई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका. शेजारची बाई सहापर्यंत बसते, मग तिला स्वतःचा स्वयंपाक असतो. तिकडून ते साडेआठच्या आत पोचणार नाहीत.

मल्होत्रांना हे माहीत नाही. सुं.राव सांगणार नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी आपल्या जागेवरून माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं.

१५ जुलै, रवि.

सैदापेटला गेले. न बोलावता. सावित्रीबाई पलंगावर उशांना टेकून. डावा हात मांडीवर ठेवलेला, बोलणं सावकाश, पण धार तशीच असावी.

"तुम्हीच ती पेटीवाली बाई? ह्यांना पिवळें करून ठेवलें म्हणे."

सुं.राव आतून: "सावित्री."

"सांगूं दे. लग्नांत ह्यांनी मला दीड तास पाटावर बसवून ठेवलें. मुहूर्त निघून गेला, भटजी गेले जेवायला. तेव्हां पेटी असती तर बरें होतें."

डांगर पच्चडी, उडदाच्या पिठाची दह्यातली, आणि भात वाढला, सुं.रावांनीच. बायकोला भरवतानाही बोलणं चालू. मला म्हणाले, बदलीचं हिला अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगून सोडूं नका.

निघताना सावित्रीबाईंनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. "सहा वाजले कीं मी दाराकडे पाहतें. सवय आहे. वाईट सवय."

त्यांना माहीत आहे.

१६ जुलै, सोम.

बसमध्ये येताना सुचलं. वडील मोठ्या प्रवासाला निघायचे तेव्हा वार बरा नसला तर आदल्या दिवशी पिशवी शेजारच्या घरी ठेवून यायचे. प्रस्थान ठेवलं की प्रवास सुरू झाला. मग कधीही निघा.

सुं.रावांना विचारलं.

"आमच्यांतहि ठेवतात. माझे वडील छत्री ठेवीत. एकदां पाऊस आला, छत्री शेजारीं."

म्हटलं, पानावर ठेवू या का? पहिल्याच्या आधी एक चौकोन. शून्य. सकाळी बसमधून उतरलात की दाबायचा. दिवस सुरू. मग आठ, अकरा, तीन, सगळं चालू काम.

ऐकताना काढलेला चष्मा परत घातला. "चालेल. हें कसें चालेल तें मला विचारूं नका, पण चालेल."

१८ जुलै, बुध.

शून्य काहीच करत नाही. तारखेची एक रिकामी ओळ घालतो आणि हिरवा होतो. काल दुपारी तीनची फेरी तीन वाजून चार मिनिटांनी सुटली. मंगळवार असून.

न. सरांनी पान पाहिलं. शून्याकडे पाहिलं. "चांगलं आहे. याच्याबद्दल मेल लिहू नकोस." मग म्हणाले, कालपासून आडी महिना लागला. आपोआपचं काम आडी संपेपर्यंत मी लांबवतो, आडीत नवीन काही सुरू करत नाहीत. मल्होत्रांना सांगतो टेस्टिंग आहे.

सर हे हसून म्हणाले नाहीत.

२७ जुलै, शुक्र.

दहा दिवस एकही पिवळा नाही. ट्रकवाल्यांचा चहा बुडाला, ते माझ्यावर नाराज आहेत. "मॅडम, पेटी फार चांगली झाली," असं म्हणतात, तेही सरळ तोंडाने.

मी राहुकाळ मानत नाही. घरी मानायचे, तेव्हाही मानत नव्हते. पण सकाळी सव्वासातला सुं.राव टेबलाशी येतात, एक बोट पुढे करतात, शून्य हिरवा होतो, तेव्हा मी दुसरं काही करत नाही.

६ ऑगस्ट, सोम.

पूनमल्लीच्या पुढे लॉरी आडवी पडली होती. बस हलेना. सुं.राव माझ्या पुढच्या सीटवर. साडेसात झाले तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

पोचलो तेव्हा आठला दहा कमी. शून्य पांढरा. आठची फाइल वेळेवर आली, वाचली गेली, ताडली गेली. चौथा पिवळा.

मशीन माझं, टेबल माझं. शून्याच्या ओळीत सातची वेळ घातली असती तर कोणाला कळलं नसतं. हात कीबोर्डवर होता. सुं.राव माझ्या मागे येऊन उभे होते.

"तें नको. मला तर कळेल."

मल्होत्रा आले. त्यांच्या केबिनमध्ये आता पान सतत उघडं असतं. बरोबर न. सर, घामाघूम.

"हे शून्य काय आहे? कोणी केलं?"

मी.

"काय करतं?"

काही नाही, सर.

"काही नाही म्हणजे? चालत्या कामात काहीही न करणारी पायरी तुम्ही का घातली?"

उत्तर जुळवत होते. तेवढ्यात पलीकडे लेबलचा प्रिंटर सुरू झाला. सुं.राव जागेवर जाऊन बसले होते, हात परत मांडीवर. चौथा हिरवा. आठ वाजून नऊ मिनिटं.

मल्होत्रा म्हणाले, "देखिए, हो गया ना." दुखवायला म्हणाले नाहीत. खरोखर बरं वाटलं होतं त्यांना.

सुं.राव दिवसभर नीट बोलले. जेवले. डबा मात्र अर्धा परत नेला.

७ ऑगस्ट, मंगळ.

शून्य काढून टाकला. मल्होत्रांनी सांगितलं होतं.

सुं.राव सकाळी कॉफीला म्हणाले, "काल तुमच्यासाठीं दाबलें असें मनांत आणूं नका. तिथें कोणीहि असतें तरी दाबलें असतें." मग: "एकदां झालें. दुसऱ्यांदा माझ्याने होणार नाहीं. हट्ट नाहीं हा. होत नाहीं."

तीनची फेरी साडेचारला सुटली. तारीख ठरली आहे. सोमवार २० पासून चौथा आपोआप. सप्टेंबरपासून सुं.राव गुम्मिडीपूंडी. ओळ मीच लिहायची आहे.

९ ऑगस्ट, गुरु.

ओळ लिहायला बसले. वेळ: आठ, अकरा, तीन.

आठच का?

न. सरांना विचारलं. "आधीपासून आठ आहे." कोणी ठरवलं? "त्यांनी." श्रीपेरुंबुदूरहून फाइल पाठवणारा सेल्वम नावाचा एकजण आहे. दीड वर्ष त्याच्या फाइली वाचतेय, आवाज कधी ऐकला नव्हता. फोन लावला. माझी तमिळ, त्याची इंग्रजी.

सोमवारची फाइल कधी तयार होते?

"शनिवारी संध्याकाळी, मॅडम."

मग सोमवारी आठला का पाठवता?

"आठला पाठवायची असते."

तयार होऊन पडलेली असते. अकराची नऊला तयार, तीनची जेवणाआधी. कोणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, सोमवारी सव्वासातला मिळेल? मंगळवारची दुपारची अडीचला, शुक्रवारची सव्वादहाला?

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग: "राहुकालम, मॅडम?"

मी हा शब्द उच्चारला नव्हता.

"आमच्याकडेही एक सार आहेत. पण माझ्या मॅनेजरनी हो म्हणायला हवं. वेळ बदलायची म्हणजे त्यांच्या सिस्टिमला हात लावावा लागतो. पार्कलाम." बघू या.

१० ऑगस्ट, शुक्र.

मल्होत्रांकडे गेले. एकटी. विचारलं, ठरलेल्या वेळेआधीच चौथा हिरवा असला तर?

"तर तो कोणी दाबला याच्याशी मला काय करायचंय."

मग बदली?

माझ्याकडे पाहिलं. "बदलीचा आणि याचा काय संबंध?" सावित्रीबाईंचं सांगून टाकलं. सुं.रावांना कळलं तर बोलणार नाहीत माझ्याशी. मल्होत्रांनी पेन खाली ठेवलं. हे मला कोणी का सांगितलं नाही, म्हणाले.

"सोमवारी, वीसला, बघू. त्यांच्याकडून फाइल लवकर आली आणि काम झालं, तर राव इथेच राहतील. नाही आली तर माझ्याकडे दुसरा माणूस नाही गुम्मिडीपूंडीला."

१४ ऑगस्ट, मंगळ.

सेल्वम: मॅनेजर टूरवर.

१७ ऑगस्ट, शुक्र.

काल आडी संपला. न. सरांना आता कारण उरलं नाही, ते मला टाळतात. सेल्वमला पुन्हा फोन. मॅनेजर आले. ऐकून घेतलं, म्हणाले विचार करतो. "त्यांची बायको तर घरातून कॅलेंडर बघितल्याशिवाय पाठवत नाही त्यांना, मॅडम. पण ऑफिसात ते तसे नाहीत."

आपोआपची ओळ लिहून ठेवली. सोमवार आठपासून लागू. सुं.रावांना दाखवली. त्यांनी वाचली, समजली नाही, मान डोलावली.

"व्यवस्थित लिहिली आहे," म्हणाले.

२० ऑगस्ट, सोम.

टेबलाशी बसून लिहितेय. बस वेळेवर, सात-पाचला आत. सुं.राव जागेवर. मी त्यांना फक्त इतकं सांगितलं आहे की फाइल आज कदाचित लवकर येईल. कारण विचारलं नाही त्यांनी. कपाळाला गंध नेहमीपेक्षा ओलं.

सात-पंधरा. पहिला चौकोन पांढरा.

सात-वीस. पांढरा. फोन करू का, विचारलं. "नको. तो आपलें काम करत असेल." न. सर दारापर्यंत येऊन गेले. कॉफी न्यायला आलो म्हणाले, कॉफी खाली मिळते.

सात-तेवीस. पहिला पिवळा झाला. फाइल येते आहे. सोमवारची नेहमी मोठी असते, आमची लाइन बारीक. वाचायला एक मिनिट लागतं, ताडायला एक. सगळं साडेसातच्या आत व्हायला हवं.

सुं.रावांनी चष्मा घातला. बोट 'चालू'वर, टेकवलेलं नाही.

सात-सव्वीस. अजून येतेच आहे.